राखाडी थीम काढताना

मारिबोरमध्ये, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं हिशेबाचं एक सॉफ्टवेअर सांभाळतो.
फुकट आहे, खुलं आहे. म्हणजे
कुणीही आत डोकवावं, हवा तिथे खिळा ठोकावा,
आणि गळायला लागलं की आम्हाला हाक मारावी.

थीम चार. तीन आमच्या.
चौथी, राखाडी, ब्लाझ नावाच्या मुलानं
अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात बनवलेली.
तो आता ग्राझला लिफ्ट दुरुस्त करतो.
विचारलं तर म्हणाला, "अजून आहे ती? काढून टाका की."

काढायला हवीच होती.
नवं बटण आलं की त्याला चार अंगरखे शिवायचे,
चारही उजेडात धरून बघायचे,
आणि चौथ्याची बाही दर वेळी तोकडी.
गेल्या महिन्यात व्हॅटचा नवा रकाना आला
तर आकडे राखाडीवर राखाडी,
धुक्यात मेंढरं उभी असावीत तसे.

बैठकीत तिघांनी हात वर केले.
माटियाशनं केला नाही,
पण तो सँडविच खात होता.

शुक्रवारी दार लावून बसले.
दोन हजार तीनशे चौदा ओळी.
प्रत्येकीच्या कपाळावर वजाबाकीची आडवी रेघ.
मध्येच एका ओळीवर ब्लाझची टीप:
"इथे हात लावू नका. कारण विसरलो."

मी हात लावला.

छापील बिलांचा समास कोसळला.
राखाडीतला नाही. उरलेल्या तिघींतला.
इतकी वर्षं आमच्या देखण्या थीम
त्या एका ओळीला पाठ टेकून उभ्या होत्या
आणि आम्ही समजत होतो
टेकू आपण देतोय.

ती ओळ अलगद उचलली, माजघरात आणून ठेवली.
टीप पुसली नाही. खाली माझी जोडली:
"मी लावला होता."
बाकीचं सगळं गेलं.
त्या रात्री चाचण्या हिरव्या झाल्या
आणि मला, खरं सांगते, शांत झोप लागली.

सोमवारी फोन. प्तुयहून, बियाण्यांच्या वखारीतून,
लुद्विका, हिशेबनीस.
ओरडली नाही. एवढंच म्हणाली,
"पांढरा पडदा उजव्या डोळ्यात सुईसारखा शिरतो.
काळ्यावर आकडे नाचतात.
राखाडीवर मी पाच वाजेपर्यंत टिकायचे,
आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

विचारत विचारत सापडले ते एकूण सात जण.
त्यातल्या एकानं राखाडी चुकून निवडली होती,
परत बदलायची कशी हे त्याला कळलं नव्हतं.
म्हणजे सहा.
सहांसाठी किती बाह्या शिवायच्या
याचं गणित आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये मांडलं.
उत्तर आलं. ते कुणाला दाखवलं नाही.

मग काढलेल्या ओळी वेगळ्या गाठोड्यात बांधल्या
आणि बसनं प्तुयला गेले.
वखारीत कोंड्याचा वास, भिंतीला पोती,
टेबलावर एक मांजर, बिलांवर बसलेलं.
गाठोडं बसवलं. पडदा राखाडी झाला.
लुद्विकानं चष्मा काढून डोळे चोळले, परत घातला.

"किती दिवस चालेल?"
"पुढच्या आवृत्तीपर्यंत. नंतर बहुतेक नाही.
कुणी दत्तक घेतली तर गोष्ट वेगळी."

तिनं फळीवरून घेवड्याचं एक पाकीट काढलं,
उलटं केलं, छापील तारखेवर अंगठा ठेवला.
"आम्हीसुद्धा लिहितो. या तारखेनंतर हमी नाही.
लोक लावतातच.
थोडं उगवतं."

मी निघणार होते. बस चार दहाची.
तिनं पडदा माझ्याकडे वळवला:
"जाता जाता तेवढं बघ,
हा व्हॅटचा रकाना तुला दिसतोय का?"

वाकून बघितलं.
नव्हता दिसत.

कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला,
मांजराला जरा सरकवलं.